आधी टाकी, मग कार्ब: १९६९ च्या शेव्हेलची फ्युएल सिस्टीम घरच्या घरी कशी उभी करायची

आधीच सांगून टाकतो, मी हे काम उलट्या बाजूने सुरू केलं होतं. गाडी १९६९ ची शेवरोले शेव्हेल एसएस ३९६ (३९६ म्हणजे इंजिनचे क्युबिक इंच), मिशिगनमधल्या एका शेतावरच्या गोठ्यात चौदा वर्षं उभी, आत कोंबड्यांनी संसार थाटलेला. ट्रेलरवर घालून घरी आणली आणि आणल्या आणल्या मी काय केलं तर कार्ब, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा कार्ब्युरेटर, काढला. का, तर कार्ब वर असतो, हाताशी असतो, दिसतो, आणि व्हिडिओ पण त्याचेच जास्त सापडतात. अख्खा जानेवारी किचनच्या टेबलावर तो सोडून बसलो, बायकोने दोन आठवडे सहन केलं आणि मग टेबलासकट मला बेसमेंटमध्ये पाठवलं. मार्चमध्ये इंजिन चालू झालं, काय तो आवाज, पहिल्या उन्हाच्या दिवशी गाडी बाहेर काढली आणि तीन मैलांवर सिग्नलला बंद. कार्ब परत उघडला तर फ्लोटच्या वाटीत भाजलेल्या नाचणीच्या पिठासारखा गंजाचा थर. साफ केला, परत बसवला, आठवड्याभरात परत तेच. तेव्हा शेजारचे आजोबा, ज्यांचं सगळं आयुष्य गाड्यांच्या कारखान्यात गेलंय, ते नुसतं येऊन विचारून गेले की टाकी उघडून बघितलीस का. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

तेव्हा ह्या लेखात जो क्रम दिलाय तो पेट्रोल ज्या दिशेने वाहतं तोच आहे. टाकी, सेंडर (टाकीत किती पेट्रोल आहे ते काट्याला सांगणारा भाग), लाइन, पंप, फिल्टर, आणि सगळ्यात शेवटी कार्ब. कितीही हात शिवशिवले तरी कार्ब शेवटी. आणि हो, इथे अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात पण मी पेट्रोलच म्हणणार, गॅस म्हटलं की मला अजून सिलेंडरच आठवतो.

मी लिहितोय शेव्हेलबद्दल, पण पाँटिअॅक जीटीओ, ओल्ड्समोबिल ४४२, ब्युइक ग्रॅन स्पोर्ट ह्या सगळ्या जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) ए-बॉडी, म्हणजे एकाच सांगाड्यावर बांधलेल्या गाड्या, टाकीची मांडणी जवळपास सारखीच. साठच्या दशकातली फोर्डची मस्टँग असेल तर टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो, त्यामुळे ती काढायची पद्धत वेगळी. फोर्डवाल्यांना आणि डॉज-प्लिमथवाल्यांना (ह्या क्रायसलरच्या गाड्या) सेंडरचं गणित उलटं करावं लागेल, ते पुढे येईलच.

आगीचं आधी

हे वाचून पुढे पळू नका प्लीज. पेट्रोलची वाफ उणे ४० डिग्री सेल्सिअसला सुद्धा पेट घेऊ शकते, म्हणजे मिशिगनच्या थंडीत पण सूट नाही. हवेत दीड टक्का वाफ झाली तरी पुरते. आणि ही वाफ हवेपेक्षा जड, तीन-चार पट, त्यामुळे ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत कोपऱ्यात जाऊन बसते. आता इथल्या घरांमध्ये त्या कोपऱ्यात काय असतं? पाणी तापवायचा गॅस हीटर, आणि जुना असेल तर त्याची पायलटची ज्योत चोवीस तास जळत असते. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये असं काही असेल तर टाकीचं काम तिथे करायचंच नाही. मी गाडी ढकलत ड्राइव्हवेवर आणली, शेजारपाजारचे बघत होते, बघू देत.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायची. बी क्लासचं, म्हणजे तेला-पेट्रोलच्या आगीसाठीचं, अग्निशामक हाताच्या अंतरावर, गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला नाही. पिवळा बल्ब लावलेला झुंबरासारखा लटकता दिवा वापरू नका, पडला आणि फुटला की संपलं, एलईडीचा बंद दिवा घ्या. पेट्रोल ज्या कॅनमध्ये काढणार तो जमिनीवर ठेवायचा, प्लास्टिक लायनर असलेल्या पिकअपच्या हौद्यात किंवा टेबलावर नाही, स्टॅटिकची ठिणगी ही काही अफवा नाहीये. आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत पेट्रोल नसलं तरी वाफ आणि हवा दोन्ही असतात, म्हणून जुन्या टाकीला वेल्डिंग, ग्राइंडर, ड्रिल हे घरी कोणी सांगितलं तरी करायचं नाही.

टाकी उतरवणं

शेव्हेलची टाकी २० गॅलनची, म्हणजे साधारण ७६ लिटर. पेट्रोल भरायचं तोंड मागच्या नंबरप्लेटच्या आड. प्लेट खाली पाडायची आणि तिथून हाताच्या पंपाने जेवढं निघेल तेवढं काढायचं. तोंडाने ओढायचं नाही, आपल्याकडे आपण स्कूटरला केलंय ते सगळं माहितीये मला, पण ते ताजं पेट्रोल होतं. माझ्या टाकीतून जे निघालं ते काकवीच्या रंगाचं, आणि वास असा की जुन्या व्हार्निशच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखा. असलं पेट्रोल दुसऱ्या कशात मिसळून वापरायचा मोह टाळा, गवत कापायच्या मशीनमध्ये पण नाही. प्रत्येक काउंटीत घरगुती घातक कचरा गोळा करायचे दिवस असतात, तिथे नेऊन द्यायचं.

गाडी मागून उचलून जॅक स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. टाकी दोन पट्ट्यांवर टांगलेली असते. पट्ट्यांच्या बोल्टांवर आदल्या दिवशीच पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, सकाळी परत मारा, तरी एखादा तुटणारच, नव्या पट्ट्या आणि बोल्ट आधीच मागवून ठेवलेले बरे, स्वस्त असतात. टाकीखाली फळी टाकून फ्लोअर जॅक लावायचा, पट्ट्या सोडायच्या आणि टाकी हळूहळू चार-पाच बोटं खाली आणायची. आता थांबा. पुढच्या बाजूला वर हात घातला की सेंडरची वायर, अर्थिंगची वायर आणि रबरी नळी लागेल, ती आधी सोडवा. मी विसरलो आणि वायर ताणली गेली, नंतर काटा बरोबर का दाखवत नाही म्हणून दोन दिवस डोकं खाजवत बसलो. तिन्ही सुटलं की टाकी तिरकी करत मागचं नळकांडं भोकातून ओढून घ्यायचं.

टाकीच्या वर जुन्या गाद्यांसारख्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, आवाज येऊ नये म्हणून. ह्या पट्ट्या पाणी धरून ठेवतात आणि टाकी वरून गंजते, आत कितीही चकचकीत असली तरी. त्या खरवडून काढा आणि खालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला तर विषय संपला.

ठेवायची की फेकायची

सेंडरची रिंग काढली की त्या भोकातून टॉर्च मारून आत बघायचं. ही रिंग पोलादी छन्नीने ठोकू नका, पितळेची दांडी घ्या, ठिणगी पडत नाही. मूळ टाक्यांना आतून शिसं आणि कथलाचा मुलामा असायचा, तो जिथे करडा आणि एकसारखा दिसतो तिथे टाकी चांगली. तपकिरी धूळ असेल, बोट फिरवल्यावर बोटाला लागते एवढीच, तर साफ होऊ शकते. पापुद्रे सुटत असतील, तळाला टोचल्यासारखे खड्डे असतील, किंवा डांबरासारखा थर बसला असेल तर माझं स्पष्ट मत आहे की नवी टाकी घ्या. ह्या मॉडेलच्या नव्या बनावटीच्या टाक्या सहज मिळतात, मला दोनशे डॉलरच्या आसपास पडली. ज्यांना गाडी शोमध्ये मूळ नंबरासकट लावायची आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी रेडिएटरवाल्याकडून उकळून घ्यावी.

साफ करायचीच असेल तर असं. आधी गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण, दोन-तीन वेळा, पेट्रोलचा वास जाईपर्यंत. मग गंजावर बाजारात पाण्यासारखी गंज खाणारी द्रावणं मिळतात ती, किंवा साधा पांढरा व्हिनेगर, टाकी पूर्ण भरून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. अर्धी भरून हलवत बसू नका, पूर्ण भरा. पापुद्रे असतील तर आत मूठभर जुने नट किंवा साखळीचा तुकडा टाकून टाकी गोल गोल हलवायची, मी आणि मुलाने दोन बाजूंनी धरून पाळण्यासारखी हलवली, शेजाऱ्यांनी परत बघितलं. नट मोजून टाका आणि मोजून बाहेर काढा. व्हिनेगर वापरलं असेल तर नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, आणि लगेच सुकवा, म्हणजे अगदी लगेच. ओलं पोलाद अर्ध्या तासात नारिंगी होतं. व्हॅक्युम क्लीनरची नळी फुंकायच्या बाजूला लावून सोडली की तासाभरात सुकते. खेचायच्या बाजूला नाही हं, मोटरमधून वाफ गेली तर काय होईल ते सांगायला नको.

आतून लावायचे सीलर मिळतात. मला ते आवडत नाहीत. तयारी अगदी शंभर टक्के झाली तर टिकतात, नाहीतर दोन वर्षांनी प्लास्टिकच्या कागदासारखे सोलून निघतात आणि पेट्रोल खेचणाऱ्या नळीच्या तोंडावर येऊन बसतात. ज्याला आवडतं त्याने करावं.

सेंडर आणि काट्याचा खेळ

सेंडर म्हणजे टाकीतला तो फ्लोट आणि दांडा, जो काट्याला सांगतो की किती पेट्रोल आहे. त्याच युनिटमधून पेट्रोल वर खेचणारी नळी पण जाते आणि तिच्या टोकाला जाळीचा मोजा असतो. मोजा जुना असेल तर बदलाच, काळा पडून शेणाच्या गोळ्यासारखा झालेला असतो.

बसवायच्या आधी मल्टीमीटर लावून तपासा. जीएमचा सेंडर रिकाम्याला शून्य ओहम आणि पूर्ण भरल्यावर ९० ओहम. दांडा हळूहळू वर न्यायचा, आकडा सलग वाढला पाहिजे, मधे उडी मारली तर आतली तार झिजलेली. फोर्ड आणि क्रायसलरच्या त्या काळातल्या गाड्यांमध्ये उलटं, रिकाम्याला ७३ च्या आसपास आणि भरल्यावर १०, त्यामुळे एकाचा सेंडर दुसऱ्याला लावला तर भरलेली टाकी रिकामी दिसणार. अजून एक, काटा भरल्याच्याही पुढे जाऊन पडला असेल तर नव्वद टक्के वेळा वायर तुटलेली किंवा अर्थिंग गेलेलं. काटा रिकाम्यावरच चिकटला असेल तर वायर कुठेतरी बॉडीला टेकलीये. टाकी परत वर चढवायच्या आधी, ती जमिनीवर असतानाच, वायर जोडून इग्निशन ऑन करून बघून घ्या. मी बघितलं नव्हतं, दुसऱ्यांदा टाकी उतरवली.

टाकीचं झाकण. १९६९ च्या गाडीला हवा घेणारं झाकण लागतं. बाष्प पकडून ठेवणारी सिस्टीम कॅलिफोर्नियात १९७० ला आली आणि बाकी देशात १९७१ ला, तिथून पुढचं झाकण बंद असतं. दोन्ही दिसायला सारखी. बंद झाकण ह्या गाडीला लावलं तर टाकीत पोकळी तयार होते, गाडी वीस मिनिटं छान चालते आणि मग गुदमरते, झाकण उघडलं की फुस्स आवाज आणि परत छान. लोक ह्याच्यासाठी पंप बदलतात, कार्ब बदलतात.

लाइन

टाकीपासून इंजिनपर्यंत फ्रेमच्या बाजूने ३/८ इंची पोलादी नळी जाते, काही गाड्यांना जोडीला १/४ ची रिटर्न नळी असते. मिशिगनसारख्या ठिकाणी हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे ही नळी बाहेरून गंजलेलीच मिळणार, आणि आतून काय झालंय ते दिसत नाही. माझा सल्ला, तुकडे जोडत बसू नका, सबंध बदला. वाकवून तयार मिळतात, पोलादी किंवा स्टेनलेस. स्टेनलेस दिसायला झकास पण तिचे जोड घट्ट बसवायला जीव जातो. तांबं-निकेलची नळी हाताने वाकते आणि गंजत नाही, घरी करणाऱ्याला तीच सोयीची. नुसत्या तांब्याची नको, कंपनाने कडक होऊन तडकते. आणि कंप्रेशन फिटिंग, म्हणजे नळावाले वापरतात तसले जोड, अजिबात नको.

जिथे पोलादी नळीवर रबरी नळी चढते तिथे पोलादी नळीच्या टोकाला बाहेर आलेली गोल कडा हवी, कापलेल्या सरळ टोकावर रबर चढवून क्लॅम्प आवळला तर कधी ना कधी सुटणार.

रबरी नळ्यांवर बारीक अक्षरात छापलेलं असतं ते वाचायची सवय लावा. एसएई ३० आर ७ ही साधी, आर ९ ही आतून फ्लुरोइलास्टोमरचं, म्हणजे इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचं, अस्तर असलेली. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला आतून मऊ करून सोलतं, वरून नळी नव्यासारखी दिसत राहते. थोडे पैसे जास्त जातात, आर ९ घ्या. पूर्ण गाडीत दोन-तीन फूट तर लागते. क्लॅम्प पण फ्युएल इंजेक्शनचे गुळगुळीत कडांचे घ्या, भोकंवाले स्क्रू क्लॅम्प नळीत रुततात.

पंप

ह्या इंजिनला मेकॅनिकल पंप, पॅसेंजरच्या बाजूला (इथे उजवीकडे) पुढे खाली. कॅमशाफ्टवरून एक दांडी पंपाच्या हाताला ढकलते. जुना पंप वरून ठीक वाटला तरी बदला, कारण त्याचा पडदा रबराचा आणि तो फाटला तर पेट्रोल सरळ इंजिन ऑइलमध्ये जातं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि ऑइलची पातळी वर चढलेली दिसली तर इंजिन अजिबात फिरवू नका, आधी ऑइल बदला.

नवा पंप लावताना ती दांडी सारखी खाली घसरते आणि पंपाचा हात तिच्याखाली बसत नाही, गाडीखाली आडवं पडून ह्यावर मी जितक्या शिव्या दिल्या तितक्या आयुष्यात दिल्या नसतील. युक्ती अशी आहे की ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर पंपाच्या वरच्या अंगाला ३/८ चा एक बोल्ट असतो, तो काढून तिथे लांब बोल्ट घातला की तो आत जाऊन दांडीला टेकतो आणि दांडी जागेवर राहते. फक्त बोटांनी घट्ट, पान्याने नाही. पंप बसला की लांब बोल्ट काढून आखूड परत लावायचा, हे विसरलात आणि इंजिन फिरवलं तर दांडी आणि कॅम दोन्हीचं वाटोळं. मी लांब बोल्टाला लाल चिंधी बांधून ठेवली होती. लांब बोल्ट नसेल तर दांडीला जाड ग्रीस फासून वर चिकटवायची, थंड इंजिनात दोन मिनिटं राहते.

प्रेशर ५ ते ७ पीएसआय पाहिजे, त्याच्या वर गेलं तर कार्बमधली पेट्रोल अडवणारी सुई दाब धरू शकत नाही आणि पेट्रोल वरून वाहतं. नुसतं प्रेशर बघू नका, प्रवाह पण बघा. कॉइलची वायर काढून ठेवायची, पंपाची बाहेरची नळी कॅनमध्ये सोडायची, दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगायचं. अर्ध्या मिनिटात एक पाइंट, म्हणजे साधारण अर्धा लिटर यायला हवं. माझ्या गाडीत पहिला कॅनभर पेट्रोल मी पांढऱ्या टबमध्ये ओतून बघितलं, तळाला एक कण नाही. त्या क्षणी कळलं की आता कार्बला हात लावायचा हक्क आपल्याला मिळाला.

क्वाड्राजेट

आता मजेचा भाग. ३२५ हॉर्सपॉवरच्या ३९६ इंजिनवर रॉचेस्टर कंपनीचा क्वाड्राजेट कार्ब येतो, पुढे दोन छोटी तोंडं, मागे दोन भली मोठी. लोक ह्याला नावं ठेवतात, काढून फेकतात आणि दुसरा लावतात. माझ्या मते ज्याने नीट उघडून बघितला नाही तोच नावं ठेवतो. नेहमीच्या चालीला छोट्या तोंडांवर कंजूष आणि पाय दाबला की मागची उघडून बैलासारखा हुंदडतो.

आधी नंबर बघा. ड्रायव्हरच्या बाजूला (इथे डावीकडे) उभ्या पट्टीवर ठोकलेला असतो. ७०२९ ने सुरू होत असेल तर १९६९ चा. पन्नास वर्षांत कोणीतरी दुसराच बसवलेला असणं अगदी कॉमन आहे, आणि दुरुस्तीचं किट नंबरावरूनच मागवायचं. इथेनॉल सहन करणारं किट घ्या, त्यातल्या अॅक्सिलरेटर पंपाचा (पाय दाबताच जास्तीचं पेट्रोल सोडणारा कार्बमधला छोटा पंप) रबरी कप वेगळ्या मटेरिअलचा असतो.

काढताना पेट्रोल आत येतं तिथे दोन पाने लावायचे, एक इंचाचा मोठ्या नटावर धरायला, ५/८ चा नळीच्या नटावर फिरवायला. एकच पाना लावला तर एकतर नळी पिळवटते नाहीतर कार्बच्या मऊ धातूतले आटे जातात, आणि आटे गेलेले कार्ब हे जुन्या बाजारात ढिगाने पडलेले असतात त्याचं कारण हेच. मोठ्या नटाच्या आत छोटा फिल्टर आणि त्यामागे स्प्रिंग.

प्रत्येक पायरीला फोटो काढा. वरचं झाकण नऊ स्क्रूंवर असतं, त्यातले दोन पुढच्या तोंडांच्या आत चोकजवळ लपलेले, ते न काढता लोक वरून पिळतात आणि धातू तडकतो. मागच्या सुया एका छोट्या स्क्रूवर टांगलेल्या, त्या आधी उचलून घ्या. अॅक्सिलरेटर पंपाच्या लिव्हरची बारीक पिन टोच्याने आतल्या बाजूला सरकवायची, पूर्ण पाडायची नाही, लिव्हर सुटेल इतकीच. मग झाकण सरळ वर. चोकची एक दांडी खालच्या भोकात लटकलेली असते, ती कशी अडकली होती ते नीट बघून ठेवा, परत जोडताना ह्या एका दांडीवर माझा रविवार गेला. खाली सोडून चिमट्याने लिव्हर तिच्या वळणात पकडावा लागतो, विहिरीत पडलेली बादली गळाने काढतात तसं.

आत पॉवर पिस्टन, त्याला दोन बारीक सुया. पिस्टन बोटाने दाबून सोडायचा, दोन-चार वेळा, तो स्वतःच त्याची प्लास्टिकची रिंग उडवून वर येतो. पक्कड लावून ओढू नका.

फ्लोट तपकिरी फोमसारख्या मटेरिअलचा असतो आणि वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो, जड फ्लोट नीट तरंगत नाही आणि वाटी भरून वाहते. जुना वजन करत बसण्यापेक्षा नवा टाका. पेट्रोल अडवणाऱ्या सुईची क्लिप फ्लोटच्या हाताच्या कडेवर अडकवायची, हाताला जी भोकं आहेत त्यात नाही, त्यात घातली तर सुई अडकून बसते. लेव्हल किती ठेवायची हे किटबरोबरच्या कागदावर तुमच्या नंबरासमोर लिहिलेलं असतं, दुसऱ्या कोणाचा आकडा घेऊ नका.

धुताना रबर, प्लास्टिक, फ्लोट बाजूला. धातूचे भाग क्लीनरमध्ये, मग गरम पाणी, मग प्रत्येक छिद्रातून कंप्रेसरची हवा, डोळ्यांना चष्मा. आमचे बाबा चेतकच्या जेटमध्ये, म्हणजे कार्बच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, ब्रेक केबलची एक तार घालायचे, मग फुंकर, आणि मग स्कूटर तिरकी करून किक, आणि ती चालू व्हायची, हे खरं. पण इथे पितळेच्या जेटला तारेने ओरखडा पडला तर मिश्रण कायमचं बिघडतं, तेव्हा हवाच.

क्वाड्राजेटचं ठरलेलं दुखणं म्हणजे वाटीच्या तळाला बाहेरून ठोकलेले प्लग. ते झिरपतात, रात्रभरात वाटी रिकामी होते आणि पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवा जायच्या नळ्यांत, उतरतं, सकाळी गाडी लवकर चालू होत नाही आणि झाली तर काळा धूर. तळ उघडा करून वाटीत थोडं सॉल्व्हंट भरा आणि कोऱ्या कागदावर ठेवा, वीस मिनिटांनी कागदावर डाग दिसला की कळलं. जागा खरवडून, साफ करून पेट्रोल सहन करणारं सावकाश सुकणारं एपॉक्सी लावायचं, एक दिवस सुकू द्यायचं.

मागच्या मोठ्या तोंडांवरच्या हवेच्या झडपेची स्प्रिंग एका बारीक अॅलन स्क्रूने अडकवलेली असते. सोडायच्या आधी किती फेरे आहेत ते मोजून लिहून ठेवा. ढिली राहिली तर पाय दाबल्यावर गाडी एक क्षण गचके खाते.

परत बसवताना पुढचे दोन लांब बोल्ट हलक्या हाताने, आलटून पालटून. जोर लावून आवळले तर वरचं झाकण वाकतं आणि मग कुठलंही गास्केट हवा अडवू शकत नाही. जुनं आणि नवं गास्केट एकावर एक ठेवून भोकं जुळतात का बघा.

पहिलं सुरू करणं

वाटी आधी हाताने भरा. कार्बच्या झाकणावरच्या हवेच्या नळीतून पिळायच्या बाटलीने थोडं थोडं पेट्रोल सोडलं की स्टार्टरला मिनिटभर रडवावं लागत नाही. मिश्रणाचे दोन स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत आणि मग अडीच फेरे बाहेर, तिथून सुरुवात. इंजिन गरम झालं की व्हॅक्युम गेज लावून काटा सगळ्यात वर जाईल तिथे दोन्ही स्क्रू थोडे थोडे फिरवून ठेवायचे. इंजिन चालू असताना टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा, आणि बोटाने पण, कारण पेट्रोल दिसायच्या आधी बोटाला गार लागतं. बंद करून दहा मिनिटांनी परत बघा.

पन्नास मैलांनी फिल्टर काढून कापून बघायचा. माझ्या पहिल्या फिल्टरमध्ये थोडी धूळ होती, दुसऱ्यात नव्हती. जास्तीचा फिल्टर लावायचाच तर पंपाच्या आधी, आणि धातूचा. इंजिनजवळचे ते पारदर्शक प्लास्टिकचे दिसायला छान असतात पण एक्झॉस्टजवळ मला तो विश्वास नाही.

कोणतं पेट्रोल आणि हिवाळा

ह्या इंजिनचं कॉम्प्रेशन १०.२५ ला १, तेव्हा प्रीमियमच लागतं, ९१ किंवा ९३ ऑक्टेन. इथला ९३ हा आकडा भारतातल्या पंपावरच्या आकड्याशी ताडून बघू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. पंधरा टक्के इथेनॉलवालं पेट्रोल इथे २००१ आणि नंतरच्या गाड्यांसाठीच मान्य आहे, आपल्या गाडीत घालायचं नाही, पंपावरचा स्टिकर वाचा. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे जुनी पद्मिनी किंवा अॅम्बॅसेडर आहे त्यांना तर आता वीस टक्के इथेनॉल आहे, त्यामुळे नळ्या आणि पडद्यांबद्दल वर जे लिहिलंय ते त्यांनी जास्तच मनावर घ्यावं.

इथेनॉल पाणी ओढतं. दहा टक्केवाल्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मावतं, म्हणजे आपल्या भरलेल्या टाकीत साडेतीनशे-चारशे मिली. त्याच्या वर गेलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून खाली बसतात, नेमके जिथे सेंडरचा मोजा आहे तिथे. म्हणून नोव्हेंबरमध्ये गाडी झाकायच्या आधी शेवटची टाकी बिनइथेनॉलची भरा. इथे तळ्याकाठच्या बोटींच्या पंपांवर मिळतं, महाग असतं. स्टॅबिलायझर टाकून दहा-बारा मैल चालवून आणा म्हणजे ते कार्बपर्यंत पोचतं, घरी येता येता परत काठोकाठ भरा, वर हवा कमी राहिली की पाणी पण कमी. टाकीचं झाकण लावताना हवा घेणारंच आहे ना ते बघून घ्या, कारण मागच्या वर्षी धुताना मीच अदलाबदल केली होती, आणि एप्रिलमध्ये परत तीन मैलांवर उभा होतो.